'हार्वर्डने सिद्ध केलं' म्हणे

'हार्वर्डच्या प्राध्यापकाने सिद्ध केलंय: वेगवेगळ्या भाषांचे लोक एकत्र राहिले की विश्वास मरतो, भांडणं वाढतात, कामंही बिघडतात. घर आपल्याच माणसाला भाड्याने द्या.' बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा फॉरवर्ड आमच्या मावशीपर्यंत पोचला. वरचा मजला कन्नड कुटुंबाला द्यायला निघालेली ती आता अडून बसलीय. म्हणून हे लिहितोय.

प्राध्यापक खरे आहेत: रॉबर्ट पुटनम, निबंध २००७ चा. पाहणी अमेरिकेतल्या सुमारे ३०,००० लोकांची, आणि त्यात मोजले ते वंशाचे गट. मराठी-कन्नडचा संबंधच नाही. शिवाय मिश्र वस्तीत लोकांचा स्वतःच्या गटावरचा विश्वासही कमी दिसला, हे फॉरवर्डवाल्याने सोयीस्कर गाळलं. मग 'आपलाच माणूस' कुठून आला? दीर्घकाळात विविधता लाभाची ठरते, हेही पुटनमनीच लिहिलंय.

मोजमापातच गोम आहे. विविधतेचा निर्देशांक म्हणजे वस्तीतली कुठलीही दोन माणसं घेतली तर ती वेगळ्या गटांतली निघण्याची शक्यता. ७० टक्के मराठी, ३० टक्के कन्नड गल्लीत तो ०.४२ येतो. प्रमाण उलटं करा, तरी ०.४२च. कोण कोणात राहतंय हे त्या आकड्याला कळतच नाही. २०१५ मध्ये अबास्कल आणि बाल्दासारी या समाजशास्त्रज्ञांनी पुटनमचीच आकडेवारी पुन्हा तपासली. मिश्र वस्त्यांत मुळातच कमी विश्वास ठेवणारे गट जास्त होते, गरिबी होती, सतत घर बदलणारे लोक होते. हे सगळं वेगळं काढल्यावर विश्वास घटण्याचा परिणाम उरला तो फक्त गोऱ्यांमध्ये, तोही इतर गटांच्या लोकांत राहणाऱ्या.

अर्धं सत्य आहे, मान्य. २०२० मध्ये ८७ अभ्यास एकत्र तपासले गेले. विविधता आणि विश्वास यांचं नातं सरासरीने उणेच निघालं, म्हणजे विविधता जास्त तिथे विश्वास कमी, शेजाऱ्यांवरच्या विश्वासाबाबत सगळ्यात ठळक. पण ते लहान आहे. तेवढ्यावर भाडेकरू निवडणं म्हणजे कुंडली बघून प्लंबर बोलावणं.

'भांडणं वाढतात' याचं उत्तर अर्थतज्ज्ञ मॅट लोव यांच्या २०२१ च्या प्रयोगात आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण घेतले, काहींना क्रिकेट लीगमध्ये खेळवलं, काहींना नाही. एकाच संघात खेळलेल्यांची परजातीत मैत्री वाढली. समोरासमोर खेळवलं तिथे संबंध उलट घटले. आपल्याकडे गल्ली विरुद्ध गल्ली स्पर्धा भरवणाऱ्यांनी हे वाचावं. मराठी इलेव्हन विरुद्ध कन्नड इलेव्हन नको. चिठ्ठ्या टाकून मिसळलेले संघ करा.

सीमाप्रश्न, मराठीतले फलक, मराठीत कागदपत्रं हा हक्काचा विषय आहे. तो या फॉरवर्डमध्ये घुसडू नका.

राहिलं 'कामंही बिघडतात'. फिलिप्स आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात परक्या गटातला माणूस आलेल्या तुकड्यांनी कोडं जास्त अचूक सोडवलं, फक्त त्यांना स्वतःच्या उत्तराची खात्री कमी वाटली.