नियम करण्याआधी विचारा, आणि केल्यावर कारण सांगा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपवर व्हिसाचा एखादा नियम बदलला की दोन प्रकारचे मेसेज येतात. एक, "हे असं कसं करू शकतात?" आणि दुसरा, "त्यांचा देश, त्यांची मर्जी." पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे आणि दुसरं विधान चुकीचं आहे, एवढं सांगण्यासाठी ही पोस्ट लिहितेय. लांब आहे, पण पूर्ण वाचा. ज्यांची मुलं एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, शिकताहेत किंवा घरात कोणी एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आहे, त्यांनी तर नक्कीच.

अमेरिकेत संसद कायदा करते तो ढोबळ असतो. आपल्या रोजच्या जगण्याला भिडतात ते नियम, आणि ते करतात खाती. होमलँड सिक्युरिटी, लेबर, पर्यावरण, अन्न आणि औषध, सगळीकडे तेच. ही माणसं निवडून आलेली नसतात. मग त्यांना लगाम कोणाचा? तो लगाम म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसिजर ॲक्ट. वकील मंडळी त्याला एपीए म्हणतात. ११ जून १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. खात्याला नवा नियम करायचा असेल तर त्याचा मसुदा आधी फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या राजपत्रात, छापायचा. लोकांना लेखी म्हणणं मांडायला वेळ द्यायचा. आलेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांचा विचार करून, कारणं देऊन मगच अंतिम नियम काढायचा, आणि तो साधारणपणे किमान ३० दिवसांनी लागू करायचा. हे पाळलं नाही किंवा निर्णय मनमानी ठरला, तर कोर्ट तो नियम रद्द करू शकतं.

हे सुखासुखी मिळालेलं नाही. १९३३ नंतर रूझवेल्ट सरकारनं मंदीशी लढताना भराभर नवी खाती काढली आणि नियमांचा पूर आला. ते सगळे एका जागी छापण्याची व्यवस्थाच नव्हती. टेक्सासमधल्या तेल कंपन्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात पोहोचलं, तेव्हा निघालं काय, तर ज्या कलमाचा सगळा वाद होता ते कलम मधल्या एका दुरुस्तीत चुकून गळून गेलं होतं. ना कंपन्यांना माहीत, ना खटला चालवणाऱ्यांना, ना खालच्या कोर्टांना. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी भर कोर्टात विचारलं की हे नियम माणसाला सापडतात कुठे? कंपन्यांच्या वकिलानं सांगितलं की आपण त्याची प्रत पाहिली ती एका सरकारी माणसाच्या पँटच्या मागच्या खिशात. जानेवारी १९३५ मध्ये निकाल लागला, त्याच वर्षी फेडरल रजिस्टरचा कायदा झाला आणि मार्च १९३६ मध्ये पहिला अंक निघाला. नियम निदान छापला जाऊ लागला. तो करण्याआधी लोकांना विचारायचं की नाही, या वादात आणखी दहा वर्षं गेली. १९४० मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, खात्यांना जखडून टाकणारं एक विधेयक मंजूर केलं होतं, त्यावर रूझवेल्टनी व्हेटो वापरला. शेवटी दोन्ही बाजूंनी तडजोड केली, तो हा १९४६ चा कायदा.

आता आपल्या घरातली गोष्ट. सायन्स आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, जास्त काळ काम करता येतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ही मुदतवाढ २००८ मध्ये आली तेव्हा १७ महिन्यांची होती आणि सरकारनं ती लोकांना न विचारता, तातडीचं कारण सांगून, थेट लागू केली होती. अमेरिकन टेक कर्मचाऱ्यांची एक संघटना कोर्टात गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयानं सांगितलं की लोकांचं म्हणणं न ऐकता हा नियम केला, तातडी सिद्ध झालेली नाही, म्हणून नियम रद्द. मात्र हजारो विद्यार्थी एका रात्रीत उघड्यावर पडतील, हे ओळखून न्यायाधीशांनी सरकारला रीतसर नियम करायला काही महिन्यांची मुदत दिली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मसुदा आला. ५० हजारांहून अधिक कमेंट आल्या. त्या वाचून, उत्तरं देऊन मार्च २०१६ मध्ये अंतिम नियम निघाला आणि मुदतवाढ १७ ऐवजी २४ महिन्यांची झाली. आज तुमच्या मुलाला मिळणारे ते २४ महिने या प्रक्रियेतून आलेले आहेत.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इथे एपीए वापरला तो आपल्या मुलांच्या विरोधात असलेल्या लोकांनी. आणि त्यांचा मुद्दा बरोबर होता. त्यांच्या नोकऱ्यांवर परिणाम करणारा नियम त्यांना न विचारता केला गेला होता. जो कायदा त्यांना दाद देतो तोच उद्या आपल्याला देतो, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे.

आणि आपल्याला ती दाद मिळालीही. ६ जुलै २०२० ला, कोविडच्या ऐन भरात, इमिग्रेशन खात्यानं जाहीर केलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. त्या आठवड्यात इकडचे विद्यार्थी आणि तिकडे पुण्या-नाशिकचे आईबाप कसे रात्र रात्र फोनवर होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ८ जुलैला हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले. आधार होता एपीए. ना विचारलं, ना कारण दिलं, ना विद्यार्थ्यांचं काय होईल याचा विचार केला. १४ जुलैला सरकारनं निर्णय मागे घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एच-१बी साठीचं किमान वेतन एका दिवसात भरमसाठ वाढवणारा नियम आला. कारण दिलं कोविडमधल्या बेरोजगारीचं. १ डिसेंबरला कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टानं तोही रद्द केला. बेरोजगारी वाढून महिने उलटले होते, मग लोकांना विचारायला वेळ नव्हता हे कसं मानायचं, असा साधा सवाल होता.

कमेंट लिहून काय होतं, असं विचारणाऱ्यांनी एच-४ चा नियम वाचावा. मे २०१४ मध्ये मसुदा आला, जवळपास १३ हजार कमेंट आल्या, फेब्रुवारी २०१५ मध्ये अंतिम नियम छापला गेला आणि २६ मे २०१५ पासून ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांच्या जोडीदारांना काम करता येऊ लागलं. त्या अंतिम नियमाच्या प्रस्तावनेत खात्यानं लोकांचं म्हणणं मुद्द्यानुसार मांडलंय. शिक्षण असून वर्षानुवर्षं घरी बसावं लागतं, एकाच पगारावर संसार चालतो, त्याचा मनावर आणि नात्यांवर ताण येतो. विरोधकांचं म्हणणंही आहे, की अमेरिकन कामगारांच्या नोकऱ्या जातील. प्रत्येक मुद्द्याखाली खात्याचं उत्तर आहे. मान्य असेल तर का, नसेल तर का. आपल्यासारख्या बायकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलेलं सरकारी राजपत्रात उतरलं आणि त्याला उत्तर द्यावं लागलं. पुढे या नियमावर जवळजवळ दहा वर्षं खटला चालला. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील कोर्टानं नियम कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायला नकार दिला.

आणि एकदा दिलेली गोष्ट काढून घ्यायची तरी कारण द्यावंच लागतं. हे १९८३ मध्ये ठरलं. गाड्यांमध्ये एअरबॅग किंवा आपोआप लागणारे पट्टे हवेत, हा नियम रेगन सरकारच्या खात्यानं रद्द केला होता. सुप्रीम कोर्टानं विचारलं, पट्टे लोक काढून टाकतील म्हणता, मग नुसत्या एअरबॅगचा पर्याय का तपासला नाही? लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आणलेल्या मुलांचं संरक्षण, म्हणजे डाका, रद्द करण्याचा निर्णयही २०२० मध्ये याच कारणानं कोर्टात टिकला नाही. सरकार बदललं की धोरण बदलू शकतं. पण "आम्हाला वाटलं म्हणून" हे कारण चालत नाही.

कायद्याला पळवाटा आहेत आणि त्या रुंद होत चालल्यात, याची मला खरोखर काळजी वाटते. "गुड कॉज" म्हणून एक अपवाद आहे. खरंच तातडी असेल तर आधी न विचारता नियम करता येतो. अपघात, साथ, हल्ला अशा वेळी तो हवाच. पण ३० ऑक्टोबर २०२५ ला वर्क परमिटची आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली ती अशाच "इंटरिम" नियमानं, छापला त्याच दिवशी लागू. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला, पण खात्याकडूनच उशीर झाला, तरी काम थांबवायचं. माझ्या ओळखीतल्या बायका यात अडकल्यात. दुसरी पळवाट परराष्ट्र व्यवहाराची. मार्च २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री रुबियो यांनी जाहीर केलं की सीमेवरून माणसांच्या आणि मालाच्या ये-जा करण्यावरचं सगळं नियंत्रण हे परराष्ट्र व्यवहाराचं काम, म्हणून एपीएच्या आधी विचारण्याच्या अटीबाहेर. एवढा रुंद अर्थ लावला तर आपल्या आयुष्याला लागणारा जवळजवळ कुठलाच नियम आत उरत नाही. आणि राष्ट्राध्यक्ष स्वतः या कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं १९९२ मध्येच सांगितलंय. सप्टेंबर २०२५ मधली एच-१बी ची एक लाख डॉलरची फी घोषणापत्रानं आली ती म्हणून.

दोष आणखीही आहेत. रीतसर नियम करायला वर्षं लागतात. मोठ्या कंपन्या वकिलांच्या फौजा लावून शेकडो पानांच्या कमेंट देतात. २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखं वागवावं या नियमाच्या, वादावेळी २ कोटी २० लाखांहून अधिक कमेंट आल्या, आणि त्यातल्या सुमारे १ कोटी ८० लाख खोट्या होत्या असं न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या चौकशीत २०२१ मध्ये निघालं. लाखो खऱ्या माणसांची नावं त्यांना न विचारता वापरली होती. तरीही मी म्हणेन, खोट्या कमेंटवर उपाय म्हणजे खऱ्या कमेंट ओळखणं. दार बंद करणं नव्हे.

भारतात काय आहे? असा एक सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, याचं मला वाईट वाटतं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये मसुदा आधी छापण्याची पद्धत दिली आहे, पण मूळ कायद्यात तशी अट असेल तरच. २०१४ मध्ये केंद्रानं मसुदे ३० दिवस लोकांसमोर ठेवायचं धोरण ठरवलं, ते बंधनकारक नाही. मे २०१६ मध्ये कॉल ड्रॉपच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ट्राय या दूरसंचार नियामकाचा नियम रद्द केला, तो निकाल जरूर वाचा. कॉल तुटला की ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम होता. तो रद्द करताना न्यायालयानं अमेरिकेच्या याच कायद्याचा दाखला दिला आणि संसदेनं असा कायदा करावा असं सुचवलं. अजून झालेला नाही.

महाराष्ट्राला मात्र हे परकं नाही. "हरकती व सूचना" हे शब्द कोणाला माहीत नाहीत? वीजदर वाढवायचे तर महाराष्ट्र वीज नियामक आयोग याचिका जाहीर करतो, हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. आदेशात ग्राहकांचा आक्षेप, महावितरणचं उत्तर आणि आयोगाचं मत असं ओळीनं छापलेलं असतं. ज्या राज्यानं केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, माहितीचा अधिकार आणला तिथे प्रत्येक खात्यानं असंच का वागू नये? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये, निर्णयाची कारणं बाधित माणसाला द्यावीत, असं लिहिलेलंच आहे. २०२० चा पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आठवा. टाळेबंदीत आला, इंग्रजी आणि हिंदीत. ज्याच्या खाडीशेजारी प्रकल्प येणार त्या रायगड-रत्नागिरीच्या मच्छीमारानं तो कसा वाचायचा? दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करा. विचारणं म्हणजे समोरच्याला कळेल असं विचारणं, हेही कायद्यातच असायला हवं.

आता कामाचं. पुढचा मसुदा आला की रेग्युलेशन्स डॉट गव्हवर डॉकेट नंबर, म्हणजे त्या मसुद्याच्या फाइलचा क्रमांक, टाकून शोधा. नागरिक असण्याची अट नाही, कोणत्याही व्हिसावर लिहिता येतं. रकान्यात ५,००० अक्षरं बसतात, जास्त असेल तर फाइल जोडा. मजकूर सगळ्यांना दिसतो, तेव्हा पासपोर्ट किंवा ए-नंबर (इमिग्रेशन खात्यानं दिलेला तुमचा क्रमांक) त्यात टाकू नका. कृपा करून ग्रुपवर फिरणारं तयार पत्र जसंच्या तसं चिकटवू नका. एकाच मजकुराच्या हजार प्रती म्हणजे खात्याच्या दृष्टीनं एकच मुद्दा. मसुद्यातल्या नेमक्या कोणत्या कलमाबद्दल बोलताय ते लिहा, तुमच्या घरावर किंवा कंपनीवर त्याचा काय परिणाम होईल ते आकड्यांत लिहा, आणि त्याऐवजी काय करता येईल तेही लिहा. ठोस, महत्त्वाचा पर्याय सुचवला की खात्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. दिलं नाही तर उद्या कोर्टात तोच मुद्दा उभा राहतो. इंग्रजीची अडचण असेल तर मराठीत लिहून मला इनबॉक्समध्ये पाठवा, मी आणि दोन मैत्रिणी बसून ते इंग्रजीत करून देऊ. मुदत संपायच्या आदल्या रात्री नको, चार दिवस आधी पाठवा.