ढोलेऱ्याचं २८ आणि डिचोलीची धूळ

परवा घरच्या ग्रुपवर माझ्या चुलतभावाने टाकलं, "तैवानवाले २ नॅनोमीटरची चिप काढायला लागले, नि आमचे गुजरातेत ढोलेऱ्याच्या चिप कारखान्यात २८ चा शिळा भात वाढणार, तोही ९१ हजार कोटींचा." खाली आत्या, मामा, सगळ्यांचे हसरे चेहरे. मी तेव्हा तैवानात, शिंचूच्या चिप कारखान्यातली नाईट संपवून सेव्हन-इलेव्हनच्या बाहेर चहातलं अंडं सोलत उभा होतो, आणि इतका चिडलो की अंडं हातातनं सुटलं. (आजीला या गावाचं नाव पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाली होती, शिवी कसली देतोस रे?)

शिळा भात कोणाला म्हणतोस? ते २ म्हणजे माप नव्हे, नाव आहे नाव. २ च्या चिपमधे दोन गेटांमधलं (गेट म्हणजे चिपमधल्या बारीक स्विचची कळ) अंतर अजून ४० नॅनोमीटरच्या वरच आहे. इंटेलने तर २०२१ मधे आपल्या सुधारलेल्या १० चं सरळ परत बारसं केलं, नाव ठेवलं 'इंटेल ७'. सॅमसंगने जून २०२२ मधे ३ पहिल्यांदा आम्ही काढलं म्हणून फोटोबिटो काढले, तैवानच्या टीएसएमसी कंपनीचं ३ आलं डिसेंबरात, आणि मोठी गिऱ्हाईकं गेली टीएसएमसीकडे, कारण पहिला कोण याचे पैसे कोणी देत नाही, वेफरवरच्या, म्हणजे चिपा बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीवरच्या, शंभरातल्या किती चिप चालतात त्याचे देतात. यील्ड. आमच्याकडे जेवतानापण दुसरा विषय नसतो.

आणि २८ शिळं असेल तर २०२१ मधे गाड्या का अडल्या होत्या, विचारा गावातल्या शोरूमवाल्याला. वेटिंग बहुतेक असल्या जुन्या, स्वस्त चिपांसाठीच होतं. ढोलेऱ्यात टाटांच्या जोडीला जी पीएसएमसी कंपनी आहे ती इथलीच, शिंचूची, तिचं घर असल्या जुन्या पिढीच्या चिपांवरच चालतं. तैवाननेपण सुरुवात कुठून केली, तर १९७६ मधे अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून घेतलेल्या ७ मायक्रॉनपासून, म्हणजे ७००० नॅनोमीटर, आणि तेव्हासुद्धा ते शिळंच होतं. पोरं पाठवली, शिकून आली, टीएसएमसी उघडली १९८७ ला. आपला मोहालीचा सरकारी चिप कारखाना, एससीएल, १९८९ मधे जळला आणि मग किती वर्षं गेली ते आठवून बघा.

हे सगळं मी टाईप केलं, तर उत्तर आलं, "मग गोव्यात आणा एक, खाणी तर गेल्या."

इथे मला काय बोलावं कळेना. पाणी, असं लिहिलं. फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, पाणी पिते, २०२१ च्या दुष्काळात इथे भाताच्या शेतांचं पाणी तोडलं, शेतकऱ्यांच्या हातात भरपाई ठेवली आणि कारखान्यांना टँकर लागले. तुम्ही म्हादईच्या थेंबाथेंबावर कर्नाटकाशी भांडता नि हे आणणार? वीज, असंपण लिहिलं. आपल्याकडे पहिल्या पावसात दिवे जातात, इथे लाईट डोळा मिचकावल्याएवढी गेली तर वेफर टाकून द्यायचे. मुद्दे बरोबरच आहेत हो सगळे. पण खरं कारण ते नव्हतं.

आमच्या डिचोलीत बाबांचे दोन टिप्पर होते खाणीवर. दारातल्या तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, माझ्या वह्यांवर लाल धूळ बसायची, आई सकाळी पुसायची नि दुपारी परत तेच. सप्टेंबर २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि टिप्पर अंगणात उभे राहिले ते राहिलेच, एका पावसात चाकांवरनं वेली चढल्या. माझी इंजिनिअरिंगची फी त्या धुळीतनंच आली होती. आता मी पांढरा सूट, हूड, दोन हातमोजे घालून एअर शॉवरमधे उभा राहतो तेव्हा अंगावरनं वारा जातो, आणि लिथोच्या, म्हणजे वेफरवर उजेडाने नक्षी छापतात त्या खोलीच्या, पिवळ्या उजेडात तीन तास काढून बाहेर आलो की सगळं थोडं निळसर दिसतं, भिंत, माणसं, स्कूटर. धुळीचा एक कण चुकून वेफरवर बसला तर रात्री दोनला मला फोन. आई ऐकून म्हणाली, म्हणजे तूपण पुसतोसच की.

मशीन शहाण्यासारखं चालावं म्हणून सर्व्हरवर आम्ही हिरव्या पाकिटातलं क्वाईक्वाई (नावाचाच अर्थ 'शहाणं') हे कुरकुरीत खाणं ठेवतो, खोबऱ्याच्या चवीचं, तारीख उलटायच्या आत बदलायचं. मी कोणाला हसत नाही. राखणदाराला रोट ठेवणाऱ्या घरातला आहे मी.

तर खरं कारण असं, की मला गाव जसंच्या तसं हवंय. वर्षातून पंधरा दिवस, चतुर्थीला, घुमट वाजवायला आणि माटोळी, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची, बघायला. तिथे राहणाऱ्या पोरांना काम लागतं हे मला इथून बोनस घेताना सहज विसरायला होतं. मागच्या वर्षी एका एजंटचा फोन आला होता, ढोलेऱ्याला माणसं हवीत म्हणून. २८ ची बाजू घेऊन ग्रुपवर एवढी लढाई करणारा मी, पहिलं काय विचारलं तर पगार. दुसरं, पोरीची शाळा. ती घरात माझ्याशी मराठीत सुरू करते नि चिनीत संपवते. विचार करून सांगतो म्हटलं त्याला. अजून सांगितलं नाही.

भावाने काल परत लिहिलं, "दादा, एवढं येतं तर तूच ये की." बघितलंय मी ते, निळ्या टिका त्यालाही दिसतात. मी खाली लिहिलं, चतुर्थीला येतोय, माटोळीला चिबूड मी आणतो.