सातवा शहाणा

प्राचीन ग्रीसच्या सात शहाण्यांची यादी काढली की सहा नावं बहुतेक ठिकाणी तीच. थेलीस, सोलोन, पिट्टाकस, बायस, किलॉन, क्लिओब्युलस. भांडण आहे ते सातव्यावरून, आणि त्यात मी उघड उघड एका बाजूचा आहे. (आपल्या सप्तर्षींच्या याद्या तरी कुठे जुळतात म्हणा!)

तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'प्रोटॅगोरस' या संवादात सातवा आहे मायसन, खेन नावाच्या खेड्यातला. पण पुष्कळ याद्यांमध्ये त्याच्या जागी बसलाय पेरिअँडर, कोरिंथचा हुकूमशहा.

या पेरिअँडरने मिलेटस शहराचा हुकूमशहा थ्रासिब्युलस याच्याकडे माणूस पाठवून विचारलं, राज्य कसं सांभाळू? ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, थ्रासिब्युलस त्या माणसाला घेऊन उभ्या पिकातून हिंडला आणि जे कणीस इतरांच्या वर दिसलं ते छाटत गेला. उत्तर काही नाहीच. माणूस परत येऊन म्हणाला, कुठल्या वेड्याकडे पाठवलंत, स्वतःच्याच शेताची नासाडी करतोय! पेरिअँडरला मात्र बरोबर कळलं. कोरिंथमधली नामवंत डोकी एकेक करून उडाली. बायकोचा जीवही त्यानेच घेतला.

आणि म्हणे शहाणा.

सत्तेशी माझं वाकडं नाही. पिट्टाकसच्या हातीही सत्ता होती, पण दहा वर्षांनी त्याने ती आपणहून सोडली. पेरिअँडरच्या काळात कोरिंथ भरभराटीला आलं, हेही मान्य. तरी माझं मत मायसनला.

तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनस लाएर्शियसने मायसनची गोष्ट दिलीय. भर उन्हाळ्यात सिथिया देशाचा शहाणा अनाखार्सिस त्याला शोधत आला, तर हा नांगराला रुमणं बसवत होता. अनाखार्सिस म्हणाला, "अरे, हा काय नांगरटीचा हंगाम आहे?" मायसन म्हणाला, "नांगरटीचा नाही, दुरुस्तीचा आहे." ज्याच्या घरी शेती आहे त्याला या उत्तराचं मोल वेगळं सांगायला नको.

मग असा माणूस मागे का पडला? अ‍ॅरिस्टॉक्सेनस या जुन्या ग्रीक लेखकाने कारण दिलंय, तो शहरातला नव्हता, एका कुठल्याशा खेड्यातला होता, म्हणून. त्याचं श्रेयसुद्धा काहींनी पिसिस्ट्राटसला देऊन टाकलं. तोही हुकूमशहाच, अथेन्सचा!

काही जण उलट म्हणतात, की यादीत पेरिअँडरच आधीचा आणि प्लेटोनेच त्याला काढून मायसनला घेतलं. तसं असेल तर प्लेटोला आणखी एक दंडवत.

मायसनची अजून एक गोष्ट आहे. एकदा तो निर्जन जागी एकटाच हसत बसला होता. अचानक कोणीतरी येऊन विचारलं, जवळ कोणी नाही, मग हसतोस का? म्हणाला, "म्हणूनच तर."