पारीख पूल रुंद करा म्हणणाऱ्यांनो, आधी गणित करा

आज आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर पुन्हा तेच, रेल्वेरुळांखालनं जाणाऱ्या त्या अरुंद रस्त्याबद्दल. "पारीख पूल रुंद केला की अर्ध्या गावाची कोंडी सुटली." खाली अंगठ्यांची रांग. आवं, आकडेमोड तरी करा की!

संध्याकाळी तिथं काय होतं ते आपण सगळेच बघतो. रिक्षा आणि कार तोंडाला तोंड लावून उभ्या. मागं घ्यावं तर मधल्या फटीत दुचाक्या घुसलेल्या, आरसे मिटून. तरी राजारामपुरीतून स्टँडकडं जाणारा तिथंच शिरतो, कारण टेंबलाई उड्डाणपूल-कावळा नाका या वळशानंही शेवटी तेवढाच वेळ जातो. वॉर्ड्रॉप या वाहतूकतज्ज्ञानं 1952 सालीच सांगितलंय: प्रत्येक जण आपल्यापुरता लवकरचा रस्ता शोधत राहिला, की वापरातल्या सगळ्या रस्त्यांचा वेळ सारखा होऊन बसतो.

समजा, पूल मोकळा असताना 4 मिनिटं, क्षमता तासाला 1000 पीसीयू (म्हणजे सगळ्या गाड्या कारच्या हिशेबात मोजून). वळसा 7 मिनिटांचा, क्षमता 2000. जाणारे 2500. (आकडे उदाहरणाचे आहेत, भांडू नका.) गाड्या वाढल्या की वेळ किती वाढतो ते सांगणारं, नियोजनातलं नेहमीचं बीपीआर सूत्र असं: मोकळ्या रस्त्याचा वेळ × [1 + 0.15 × (गाड्या ÷ क्षमता) चा चौथा घात]. मेख त्या चौथ्या घातात आहे. क्षमतेइतक्या गाड्या आल्या तर वेळ 15 टक्के वाढतो, दुप्पट आल्या तर 3.4 पट होतो.

सगळे पुलाखाली घातले तर 27 मिनिटं. म्हणून सगळे वळशाला पाठवले तर साडेनऊ, आणि पूल ओस. म्हणूनच जवळचा रस्ता बघून सगळी वाहतूक एकावरच टाकणारा आराखडा रद्दी आहे. वाटणी करायची, वेळ नव्यानं काढायचा, पुन्हा वाटायची. दुसऱ्या फेरीत नव्या वाटणीकडं निम्मंच सरकायचं, तिसरीत एक तृतीयांश, असं आकडा हलायचा थांबेपर्यंत. इथं तो पुलाखाली 1500 आणि वळशाला 1000 वर थांबतो. दोन्हीकडं साधारण 7 मिनिटं.

आता गंमत बघा. पुलाखालचे फक्त 400 वळशाला गेले, तर उरलेल्या 1100 जणांची दोन मिनिटं वाचतात आणि वळशावाल्यांची जेमतेम 11-12 सेकंद वाढतात. पण ते चारशे कोण? आपण सोडून कुणीही! पुस्तकात यावर उपाय म्हणून पुलाखाली शुल्क लावायला सांगतात. टोल हाकलून लावलेल्या गावात हे बोलायची माझी तरी छाती नाही.

बरं, रुंदीकरणानं फायदा शून्य नाही, मान्य. क्षमता दुप्पट केली तर सगळे 2500 पुलाखालीच येतील आणि साडेपाच मिनिटांत सुटतील. पण कुठं सुटतील? पुढच्या चौकात 1500 ऐवजी 2500 आदळतील. शहरात वेळ खातो तो चौक. बीपीआर सूत्र सरळ रस्त्याचं आहे, सिग्नलवरची रांग त्यात दिसत नाही.

तुमची तळमळ खरी आहे, माझा राग त्या हिशेबावर आहे. तर पुलाखालच्या रिक्षा-कारवर बोलण्याआधी पुढच्या चौकात उजवीकडं, डावीकडं, सरळ जाणाऱ्या गाड्या 15-15 मिनिटांच्या टप्प्यांनी मोजायला लावा, गर्दीच्या वेळी. आणि कडेला लावलेल्या गाड्यांनी किती रुंदी खाल्लीय ते टेप लावून बघा. ती जागा मोकळी करायला ना भूसंपादन लागतं, ना टेंडर.