बोवेन कोर्ट म्हणजे नुसती स्वस्तातली घरं नव्हेत

लेख छान आहे, पण कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाची बंगलो कोर्ट (एका सामाईक अंगणाभोवती छोटे सुटे बंगले) म्हणजे गरिबांसाठी काढलेली स्वस्त घरं, असं त्यात म्हटलंय ते काही पटलं नाही. सुरुवात उलटी आहे हो! १९०९ मध्ये सिल्व्हेनस मार्स्टन या आर्किटेक्टने सेंट फ्रान्सिस कोर्ट केलं ते हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्वेकडून येणाऱ्या पैसेवाल्या पाहुण्यांसाठी, ११ बंगले, फर्निचरसकट भाड्याने. पुढे रस्ता वाढवायला ते कोर्ट तिथून हटलं. साध्या भाडेकरूंना परवडेल असं रूप नंतर आलं आणि त्यात पॅसाडेनातल्याच बोवेन कोर्टला तोड नाही. आर्थर आणि आल्फ्रेड हाइनमन या भावांनी इंग्रजी एलच्या आकाराच्या जागेत २३ बंगले बसवलेत, मधून पायवाट, दोन्हीकडे बुटकी छपरं, छपराबाहेर आलेली लाकडं, पोर्चला नदीपात्रातले गोटे. जागा वळते म्हणून रस्त्यावरून आत कुठवर आहे तेच कळत नाही आणि मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे, कारण दाराबाहेर पाऊल टाकलं की शेजारी दिसतो पण प्रत्येकाचं छप्पर वेगळं, भिंत वेगळी. अपार्टमेंटमध्ये हे मिळतच नाही.

आणि याच आर्थर हाइनमनने १९२५ मध्ये सॅन लुइस ओबिस्पोला पहिलं मोटेल काढलं, हे लेखात यायलाच हवं होतं! कोर्टाचीच कल्पना, फक्त गाडीवाल्यांसाठी. पुढे पार्किंगच्या नियमांमुळे अशी कोर्ट नव्याने बांधणंच अवघड झालं, म्हणून आहेत ती जपायलाच पाहिजेत, झाडं-पायवाटेसकट, नुसत्या भिंती ठेवून काय उपयोग?