तेल-लिंबानं पित्ताचे खडे पडत नाहीत

परवा भावकीच्या ग्रुपवर मीच मेसेज टाकला होता: रात्री ऑलिव्ह तेल नि लिंबाचा रस प्या, सकाळी पित्ताशयाचे खडे पडतात, ऑपरेशन टळतं. ते चूक होतं. माफी असावी.

सकाळी हिरवट गोळे पडतात हे खरंच, म्हणून तर फसलो. पण ते पोटात तेलाचेच बनलेले, साबणासारखे असतात. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात अशा गोळ्यांची तपासणी छापून आली होती. खऱ्या खड्यांत असतं ते कोलेस्टेरॉल, कॅल्शियम त्यात काहीच सापडलं नाही. खडे जागच्या जागी राहतात.

आपल्याकडं मुतखड्याशीही गल्लत होते. तो लघवीवाटे पडू शकतो, हा नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात साधारण चार बारीक छिद्रांतून खड्यांसकट पित्ताची पिशवीच काढतात. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात. पित्त यकृतात बनतं, त्यामुळं पिशवीविना पचन चालतं. त्रासच नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागतही नाही. मात्र उजव्या बरगडीखाली कळ, ताप, कावीळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माझा जुना मेसेज परभणी, लातूर, कुठंही पुढं पाठवला असेल, तर तो थांबवा नि तिथं हा टाका.