दंडाची पावती सचिवाच्या नावावर

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या २०२१-२२ या वर्षाच्या लेखापरीक्षण अहवालात माझ्याविरुद्ध दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की पहारेकरी व सफाई कामगार यांच्या करोनाच्या आरटीपीसीआर चाचण्यांवर खर्च करण्यापूर्वी तीन दरपत्रके मागवलेली नाहीत. दुसरा असा, की महापालिकेला भरलेला १०,००० रुपयांचा दंड तत्कालीन सचिवाच्या हलगर्जीपणामुळे भरावा लागला असल्याने ती रक्कम त्याच्याकडून वसूल का करू नये, याचा खुलासा करावा. तत्कालीन सचिव म्हणजे मी. दोष-दुरुस्ती अहवालात अशा आक्षेपाला दोन ओळींत उत्तर द्यायचे असते, आणि दोन ओळींत मावेल एवढा माझा संताप लहान नाही.

सहकारी संस्थेचा सचिव ही काय चीज असते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे मानद पद आहे, म्हणजे मान कोणी देत नाही आणि धनही मिळत नाही. पाण्याच्या टाकीची सफाई, थकबाकीदारांना स्मरणपत्रे, उद्वाहनाचा वार्षिक करार एवढीच आमची धाव. अशा माणसाच्या गळ्यात राज्य सरकारने एप्रिल २०२१ मध्ये सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा एक तुकडा बांधला, आणि बांधताना त्याला विचारलेही नाही.

‘ब्रेक द चेन’ या नावाने १३ एप्रिलला जो आदेश निघाला, त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे कलम होते. इमारतीत पाचपेक्षा अधिक सक्रिय रुग्ण आढळले, की ती इमारत सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र ठरणार. संस्थेने प्रवेशद्वारावर तसा फलक लावायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांवर नियंत्रण ठेवायचे. आणि कुचराई झाली तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड. इमारतीत नियमित कामाला येणाऱ्यांचे लसीकरण होईपर्यंत त्यांच्या चाचण्या होतील, हे पाहण्याचा सल्लाही होता. घरकाम करणाऱ्या बायका, स्वयंपाकीण, वाहनचालक यांना येऊ द्यावे की नाही, हे मात्र स्थानिक प्राधिकरणाने ठरवायचे होते. आमच्या स्थानिक कार्यालयात मी तीनदा दूरध्वनी केला आणि तिन्ही वेळा ‘तुमच्या सोसायटीत तुम्ही ठरवा’ हे एकच उत्तर ऐकले. मंत्रालयातून निघालेला निर्णय उतरत उतरत शेवटी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसला, आणि त्याच्याभोवती छप्पन सदनिकांचे छप्पन मतप्रवाह.

मूळ आदेश इंग्रजीत, तोही ‘वगळता’, ‘अधीन राहून’ आणि ‘पुढील आदेशापर्यंत’ यांनी खच्चून भरलेला. १९६४ चा राजभाषा अधिनियम असलेल्या या राज्यात, लोकांनी घराबाहेर पाऊल कधी टाकावे हे सांगणारा कागद आधी इंग्रजीत निघतो आणि मराठी वाचकाने प्रसिद्धिपत्रकावर समाधान मानायचे, यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. रात्री अकराला तो भ्रमणध्वनीवर आला की मी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसत असे आणि सकाळी फलकावर मराठीत सूचना लावत असे. एरवी शासनाच्या शुद्धलेखनाला हसणारा मी, माझ्या भाषांतरातल्या एका चुकीमुळे कोणाची मोलकरीण महिनाभर घरी बसेल या भीतीने प्रत्येक स्वल्पविराम तपासत होतो.

आणि त्या आदेशाचे गांभीर्य सरकारने स्वतः किती पाळले? १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर संचारबंदी लागू झाली. पंढरपूर-मंगळवेढ्यात मात्र १७ एप्रिलला विधानसभेची पोटनिवडणूक होती, म्हणून तिथले निर्बंध मतदान उरकल्यानंतर लागू होणार होते. विषाणूने आचारसंहिता पाळावी, अशी बहुधा अपेक्षा असावी. पुढे २० एप्रिलपासून किराणा व भाजीची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढाच वेळ उघडी राहिली, आणि एरवी दिवसभरात विखुरणारी गर्दी चार तासांत एकाच पदपथावर कोंबली गेली. साखळी तोडायची म्हणून निघालेल्या या नियमाने माझ्या खिडकीखाली रोज सकाळी माणसांची एक लांबलचक साखळी तयार होत असे. साडेदहानंतर तर लोक एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून कोथिंबिरीची जुडी उचलत.

आता चाचण्यांचे पाहू. आमच्याकडे तीन पहारेकरी आणि एक सफाई कामगार. सर्वांत तरुण पहारेकरी चोवीस वर्षांचा. लस घेईपर्यंत त्याची चाचणी करत राहा, असे सरकार म्हणत होते. आणि एप्रिलमध्ये लस फक्त पंचेचाळीस वर्षांपुढच्यांना होती. १ मे रोजी अठरा ते चव्वेचाळीस या वयोगटाचे लसीकरण सुरू झाले आणि दुसऱ्या आठवड्यातच राज्याने ते थांबवले, कारण शिल्लक मात्रा दुसरा डोस रखडलेल्या वयस्कांना द्यायच्या होत्या. लस केंद्राकडून कमी येत होती, हे मला मान्य आहे. त्याचा दोष मी राज्याच्या माथी मारत नाही. परंतु लस मिळत नाही हे ठाऊक असताना ‘लसीकरण होईपर्यंत’ ही अट कागदावर तशीच ठेवायची आणि तिचा खर्च सभासदांच्या देखभाल शुल्कावर टाकायचा, याला काय म्हणावे? त्या पोराच्या नाकात किती वेळा काडी गेली, याचा हिशेब माझ्या वहीत आहे. एकदा तो म्हणाला, ‘साहेब, आता माझं नाक पण ड्युटीवरच आहे.’

आणि या चाचण्यांसाठी लेखापरीक्षकांना तीन दरपत्रके हवी आहेत. खासगी प्रयोगशाळांचे दर ३१ मार्च २०२१ रोजी राज्य सरकारनेच ठरवून दिले होते: नमुना कुठून घेतला यावर ५००, ६०० किंवा ८०० रुपये. सरकारने बांधून दिलेल्या दरासाठी तीन ठिकाणांहून तीच तीन पत्रे मागवायची आणि त्यांतले सर्वांत कमी दराचे निवडायचे! सर्वसाधारण सभेची मंजुरी का घेतली नाही, हे तोंडी विचारले गेले ते वेगळेच. त्या काळात सभा भरवता येत नव्हत्या, म्हणून त्यांना मुदतवाढ देणारेही हेच शासन होते.

फलकाची गोष्ट मात्र नीट सांगितली पाहिजे, कारण दंड तिथेच झाला. मे महिन्यात आमच्याकडे सात सक्रिय रुग्ण होते. फलक मी स्वतः रंगवून घेतला होता, पांढऱ्यावर लाल अक्षरे, आणि फाटकाच्या गजांना तारेने आवळला होता. १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर सरकत गेले. त्या रात्री आवारातला गुलमोहर आडवा झाला, दोन गाड्यांच्या काचा फुटल्या, वीज गेली, आणि फलक तारेसकट कुठे उडाला ते मला आजतागायत कळलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, झाड तोडायला माणसे मिळवण्याच्या खटपटीत मी असताना, पालिकेचे दोन कर्मचारी आले. झाडासाठी आले असतील असे वाटून मी त्यांना चहाही विचारला. त्यांनी फाटकाकडे पाहिले, एकाने भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले, दुसऱ्याने पावतीपुस्तक उघडले. मी वादळाकडे बोट दाखवले. त्यांनी कलमाकडे दाखवले. तारेचे तुटके टोक अजून गजाला लोंबत होते, तेही दाखवले. पावती फाडताना तो कर्मचारी, चेहरा अगदी कसनुसा करून, एवढेच म्हणाला की ‘फलक असावा’ असे लिहिले आहे, ‘होता’ असे चालत नाही. त्या माणसाचा मला राग नाही. त्याच्याही मानेवर कोणाचा तरी हात असणार.

जूनमध्ये निर्बंध उतरवतानाही तोच खाक्या. ३ जूनला एका ज्येष्ठ मंत्र्यांनी पत्रकारांसमोर पाच टप्प्यांची योजना आणि टाळेबंदी उठणाऱ्या १८ जिल्ह्यांची माहिती जाहीर केली. काही तासांतच शासनाकडून खुलासा आला, की असा अंतिम निर्णय झालेलाच नाही. दुपारी लावलेली सूचना मी संध्याकाळी फाडली. पुढच्याच रात्री जवळजवळ तीच योजना आदेश म्हणून निघाली आणि ७ जूनपासून लागूही झाली. मग बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटा यांवरून स्तर ठरू लागले: पाच टक्के, दहा टक्के, वीस टक्के. गुरुवारी आकडे येणार आणि सोमवारपासून स्तर बदलणार. दहा लाखांहून मोठी लोकवस्ती असलेली शहरे स्वतंत्र घटक, उरलेला जिल्हा वेगळा घटक. त्यामुळे हद्दीवरच्या रस्त्याच्या एका बाजूची उपाहारगृहे एका नियमाने आणि समोरची दुसऱ्या. आकड्यांवर आधारलेली पद्धत म्हणून मला ही कल्पना पसंत होती, हे कबूल करतो. पण लोकांना तिची सवय होते न होते तोच २५ जूनला सर्वांनाच किमान तिसऱ्या स्तरात ढकलण्यात आले, आणि ज्यांच्या गावात रुग्णसंख्या खाली आली होती त्यांना तिचा लाभ शून्य.

या काळात डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका यांनी जे केले त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुंबईत प्रभागवार नियंत्रण कक्षांतून खाटा मिळाल्या, हेही खरे. माझा राग आहे तो जबाबदारी खाली सरकवण्याच्या त्या सफाईवर. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘मी जबाबदार’ आले. दोन्ही घोषणांत कर्ता उत्तम पुरुषी एकवचनी आहे आणि तो मंत्रालयात बसत नाही. अधिकारासाठी मात्र १८९७ चा साथरोग कायदा काढायचा, जो प्लेगच्या वेळी गोऱ्या सरकारने केला आणि ज्याच्या अंमलाची आठवण पुण्यात अजून पुसलेली नाही. हुकूम द्यायची ताकद सरकारची, तो चुकला तर हजेरी सचिवाची.

दोष-दुरुस्ती अहवालात मी पहिल्या आक्षेपासमोर शासनाच्या दरनिश्चितीचा दिनांक लिहिला आहे. दुसऱ्यासमोर ‘दंड तौक्ते चक्रीवादळाकडून वसूल करावा’ असे लिहिले होते, पण अध्यक्षांनी ते खोडायला लावले. आता तिथे ‘नैसर्गिक आपत्तीमुळे’ असे दोन शब्द आहेत, पावतीची छायाप्रत जोडली आहे, आणि तिच्यावर ‘दंड भरणाऱ्याचे नाव’ या रकान्यात संस्थेचे नाही, माझे नाव आहे.